धाकातली घरं

दोन तुकड्या पुरतात. षटकोनी घरांच्या पटावरच्या युद्धखेळात शत्रूच्या तुकडीभोवती सहा घरं असतात, तेव्हा तिला कोंडायला आपल्या सहा तुकड्या लागणार असं नवख्याला वाटतं. मलाही वाटायचं. सातारला आत्याच्या घरी, ओसरीवरच्या षटकोनी फरश्यांवर चिंचोके मांडून दादानं मला ते पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा मी सातवी संपवून सुट्टीला गेलो होतो. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. पुण्याला इंजिनिअरिंगला होता आणि हॉस्टेलमध्ये कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर 'पँझर जनरल' खेळून आला होता. घरी कॉम्प्युटर नव्हता, पण फरश्या होत्या.

मधल्या फरशीवर त्यानं शत्रू म्हणून एक गजगा ठेवला. त्याच्या वरच्या फरशीवर एक चिंचोका, बरोबर समोर खालच्या फरशीवर दुसरा.

"आता हा कुठनं सुटंल सांग."

मी बाजूच्या फरशीवर बोट ठेवलं.

"जा की. पण ती फरशी कुणाला चिकटलीय बघ. वरच्या चिंचोक्याला. तिथं पाऊल टाकलं की थांबायचं, पुढं सरकायचं नाही. त्याचा धाक आहे तिथं."

मग त्यानं बोटानं एकेक फरशी दाखवली. वरच्या चिंचोक्याचा धाक वरच्या डाव्या-उजव्या घरांवर, खालच्याचा खालच्या दोन घरांवर. चार घरं धाकात, उरलेल्या दोन घरांत आपण स्वतः. सहाही झाली. गजगा कोंडला गेला होता आणि त्याच्या निम्म्याहून जास्त बाजूंना कुणीच उभं नव्हतं. मी कितीतरी वेळ त्या रिकाम्या फरश्यांकडे बघत बसलो होतो. रिकामी दिसणारी जागा बंद असू शकते, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

या धाकाला इंग्रजीत 'झोन ऑफ कंट्रोल' म्हणतात, खेळणारे नुसतं 'झेडओसी' म्हणतात, हे पुढं बऱ्याच वर्षांनी वाचलं. आमच्यात तो धाकच राहिला. 'हेक्स'ला, म्हणजे पटावरच्या एका षटकोनाला, आम्ही बुद्धिबळातल्यासारखं घर म्हणायचो, आजही फोनवर म्हणतो.

दादाचा आणखी एक नियम होता आणि त्यावरून आमचं त्या सुट्टीत जोराचं भांडण झालं. धाकातल्या घरात आपली दुसरी तुकडी आधीच उभी असेल, तर माघार घेताना आणि रसद आणताना ते घर धाकात धरायचं नाही. मला हा रडीचा डाव वाटला. धाक म्हणजे धाक, त्यात सूट कसली? दादा शांतपणे म्हणाला, "आपला माणूस उभा आहे तिथं धाक कसला?" मी चिंचोके उधळून आत निघून गेलो. हा नियम दादाच्या मनचा नव्हता. पुठ्ठ्याच्या नकाशांवर खेळायच्या जुन्या युद्धखेळांच्या कितीतरी नियमपुस्तिकांत तो आहे. पण तेव्हा मला हरल्याचा राग आला होता.

षटकोनच का, असं मला खेळ न खेळणारे विचारतात. चौकोनांच्या पटावर शेजार दोन तऱ्हेचा असतो. समोरचं घर एका पावलावर, आणि कोपऱ्यातलं घर मोजायला एका पावलावर, पण खरं अंतर जवळजवळ दीडपट. षटकोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर. चार्ल्स रॉबर्ट्स या अमेरिकन माणसानं 1954 मध्ये आपला पहिला युद्धखेळ चौकोनांवरच काढला होता. 1961 च्या सुमारास त्याच्या 'ॲव्हलॉन हिल' कंपनीच्या खेळांत षटकोन आले आणि मग ते गेले नाहीत. मधमाश्यांना हे आधीच माहीत होतं, असं आत्या म्हणाली असती.

पण कोंडण्याचा खेळ मी त्याही आधी शिकलेलो होतो, आजीकडून. सांगलीला गावभागातल्या आमच्या घरी ती कोळशानं जमिनीवर वाघ-बकरीचा पट आखायची. वाघ बकरीवरून उडी मारतो आणि तिला खातो. बकरीला कुणालाच खाता येत नाही. ती फक्त वाघाच्या वाटेत जाऊन बसू शकते. मी नेहमी वाघ घ्यायचो, कारण वाघ मारतो. आजी बकऱ्या घ्यायची आणि पहिल्या तीन-चार बकऱ्या तिच्याकडून मुद्दाम गेल्यासारख्या जायच्या. मी खूश. मग हळूहळू माझ्या वाघाच्या उड्या कमी व्हायच्या. एक बकरी मागं दुसरीला टेकून बसलेली, तिच्यावरून उडी नाही. दुसरी कडेला, तिच्या पलीकडं रेघच नाही. शेवटी वाघ आहे तिथंच, धडधाकट, एकही जखम न झालेला, आणि हललेला नाही. आजी म्हणायची, "कोंडला बघ. आता ऊठ, पाटपाणी घे."

या जातीच्या सगळ्या खेळांचा मला लागलेला लळा त्या धडधाकट वाघापासून आहे, असं मला वाटतं. आपल्याकडच्या कबड्डीतही चढाईला आलेल्याला नुसत्या ताकदीनं दाबणारा संघ थकतो. चांगली साखळी आधी मध्यरेषेकडची वाट बंद करते, मग अंगाला हात घालते.

कॉम्प्युटर क्लासमध्ये मी 'पँझर जनरल' स्वतः खेळायला लागलो, तेव्हा आजीची शिकवण विसरून गेलो. 1994 चा तो खेळ. रणगाडे सुंदर, तोफांचे आवाज भारी. प्रत्येक तुकडीवर तिच्या बळाचा आकडा, पूर्ण भरलेली असली की दहा. मी समोर दिसेल त्याच्यावर तुटून पडायचो. दहाची तुकडी सहावर आणायची, ती मागं सरायची, पुढच्या टर्नला भरती घेऊन पुन्हा उभी. माझ्या तुकड्या झिजत जायच्या आणि शहर दोन टर्न उशिरा हातात यायचं, म्हणजे हरल्यातच जमा. एकदा चुकून माझा एक घोडदळासारखा हलका दस्ता शत्रूच्या मागं जाऊन उभा राहिला. पुढून तोफांनी मारल्यावर त्या तुकडीला मागं सरायचं होतं, आणि मागं घर नव्हतं. तिनं शरणागती घेतली. सातचा आकडा असलेली तुकडी, सातच्या सात, एका फटक्यात पटावरून गेली. त्या दिवशी घरी येताना आजीची फार आठवण झाली. ती तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं.

पुढं 'बॅटल फॉर वेसनॉथ' आला. फुकट मिळणारा, 2003 मध्ये सुरू झालेला, जगभरच्या हौशी लोकांनी वाढवलेला. त्यात दादाच्या चिंचोक्यांचा नियम तंतोतंत आहे. धाकात पाऊल टाकलं की उरलेली चाल संपली. समोरासमोर दोन माणसं उभी केली की मधला अडकलाच. काही थोडे चपळ लोक धाक जुमानत नाहीत, आणि अगदी खालच्या पायरीच्या लोकांना धाकच नसतो. हे दुसरं मला फार बरोबर वाटतं. हातात भाला दिला म्हणून कुणाचा धाक बसत नाही.

माझं मन खरं बसलं ते 'युनिटी ऑफ कमांड'वर. 2011 मध्ये निघालेला, 1942-43 च्या स्टालिनग्राडच्या मोहिमेवरचा. यात मारामारीपेक्षा रसद मोठी आहे. रेल्वेच्या रुळांवरून रसद येते, रुळांपासून ठरावीक अंतरापर्यंतच पोचते, आणि शत्रूच्या धाकातल्या घरांतून ती जात नाही. एक बटण दाबलं की नकाशावर रसद पोचते तेवढाच भाग दिसतो. मला वाटतं, युद्ध म्हणजे काय हे सांगणारं इतकं खरं चित्र मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलं नाही. रसद तुटलेल्या तुकडीला पहिल्या टर्नला काही जाणवत नाही. ती उभी असते, लढते, तिचा आकडाही तोच असतो. पुढच्या टर्नला हात जड होतात. त्यापुढं तिच्यानं हल्ला होत नाही. आणि मग एखादी दुबळी तुकडी येऊन तिला संपवून जाते.

त्यातली सोव्हिएत बाजूची नोव्हेंबरची चढाई मी किती वेळा खेळलो असेन, मोजलेलं नाही. खऱ्या इतिहासात ती 19 नोव्हेंबर 1942 ला उत्तरेकडून सुरू झाली, दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडून. शहरात अडकून पडलेल्या जर्मन सहाव्या सैन्याला कुणी हातही लावला नाही. घाव घातला तो दोन्ही बगलांवर, रुमानियन सैन्यांवर, ज्यांच्याकडं रणगाड्यांना अडवायला पुरेशा तोफा नव्हत्या. 23 तारखेला दोन्ही टोकं डॉन नदीवरच्या कालाचजवळ मिळाली. पाच दिवस. आत अडीच लाखांच्या वर माणसं. त्यांना जगायला रोज किमान 300 टन माल हवा होता, विमानांनी सरासरी त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास पोचवला. डिसेंबरात बाहेरून सोडवायला आलेलं सैन्य 50 किलोमीटरच्या जवळपास येऊन थांबलं. 2 फेब्रुवारी 1943 ला सगळं संपलं तेव्हा सुमारे 91,000 माणसं कैद झाली. त्यांतली पाच-सहा हजार घरी परतली.

हे आकडे पाठ असूनही मी आनंदानं ती कालाचची चाल खेळायचो. दोन तुकड्या शेवटच्या घरात आणून भिडवायचो आणि रसदेचा भाग नकाशावरून विझताना बघायचो. तो क्षण सुखाचा असतो, खोटं कशाला बोलू. आठवडाभराचा गुंता एका चालीत सुटतो. 'वॉर इन द ईस्ट' या मोठ्या खेळात तर प्रत्येक तुकडीत किती हजार माणसं आहेत तेही लिहिलेलं असतं. एक घर दहा मैलांचं, एक टर्न आठवड्याचा. त्यात जर्मन बाजूनं खेळणारे मुरलेले लोक पहिल्याच टर्नला ल्वॉव्ह शहराभोवती कोंडी पुरी करतात. खऱ्या 1941 मध्ये जर्मनांना ते तिथं साधलं नव्हतं. खेळणाऱ्याला पुढचं सगळं माहीत असतं, म्हणून साधतं. वरून बघणाऱ्याला वाटा दिसतात. आत उभ्या असलेल्याला त्याचं स्वतःचं घर दिसतं आणि ते ठीक असतं.

आपल्याकडं ही विद्या नव्हती असं नाही. पालखेड घ्या. बाजीरावांनी निजामाशी महिनोन् महिने समोरासमोर लढाई दिलीच नाही. निजाम पुण्यात शिरला तरी ते परत फिरले नाहीत. खानदेश, गुजरात, मग पुन्हा वळून निजामाच्याच मुलखाकडं. निजामाला त्यांच्या मागं धावावं लागलं, आणि धावायचं तर जड तोफखाना मागं ठेवावा लागला. फेब्रुवारी 1728 च्या अखेरीस पालखेडजवळ तो अशा जागी अडकला की तिथं पाणी नव्हतं आणि पाण्याकडच्या वाटा मराठ्यांच्या हातात होत्या. मोठी कापाकापी झालीच नाही. 6 मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. मी हे दादाला सांगितलं की तो म्हणतो, "आजीच्या बकऱ्या." आजी त्याचीही आजीच, आईच्या बाजूनं.

आणि याच विद्येनं आपल्याला मारलं तेही आपण विसरत नाही. ऑक्टोबर 1760 च्या शेवटी अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली आणि भाऊसाहेब व दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. त्यानंतरचे अडीच महिने पानिपताला जे झालं ती लढाई नव्हती. दाणा येईना, वैरण येईना, जनावरं मरायला लागली. लढाई 14 जानेवारीला झाली, ती उपाशी माणसांनी केली. पानिपताचा डाव घरं आखून मी एकदाच मांडला. नोव्हेंबरात भाऊंच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे शोधत होतो. दर टर्नला मुक्काम हलवावा असं कारण सापडत नव्हतं. सोबत बायकामुलं, यात्रेकरू, तोफा. आज हललो तर नुकसान दिसतंय, थांबलो तर आज काहीच बिघडत नाही. उद्या बघू. मी पट मिटवून ठेवला.

आत्याच्या सासरकडच्या गावात, सातारच्या पूर्वेला, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या नावांच्या गोष्टी अजून सांगतात. त्यातल्या काहींच्या तोंडी 'कूत' हे गाव येतं. इराकातलं कूत-अल-अमारा, तैग्रिस नदीच्या वळणात वसलेलं. तीन बाजूंनी पाणी. 1915 च्या डिसेंबरात बगदादच्या अलीकडून माघार घेत आलेली सहावी पुणे डिव्हिजन तिथं येऊन थांबली. तिच्यात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी होत्या, म्हणजे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं. माणसं चालून चालून थकली होती, गावात धान्य होतं, म्हणून सेनापती टाउनशेंडनं ठरवलं की इथंच थांबू, मदत येईल. 7 डिसेंबरला तुर्कांनी वेढा पुरा केला. टाउनशेंडनं बाहेर कळवलं की आपल्याकडं धान्य थोडेच दिवस पुरेल. त्यामुळं सोडवायला येणाऱ्यांनी घाई केली, तयारी न होता हल्ले केले, आणि त्यांची सुमारे 23,000 माणसं मेली किंवा जखमी झाली. नंतर झडती घेतली तेव्हा कूतमध्ये सांगितलं होतं त्यापेक्षा बरंच धान्य निघालं. रसदेचा आकडा चुकला आणि त्या आकड्यावर हजारो माणसं गेली. विमानांतून पिठाची पोती टाकली, ती पुरली नाहीत. घोडे कापून खाल्ले, आणि कित्येक हिंदी शिपायांना ते मांस गळ्याखाली उतरेना. शेवटी, 29 एप्रिल 1916 ला, 13,000 च्या आसपास माणसं शरण गेली.

हे सगळं मला माहीत होतं. वाचलेलं होतं, नकाशे पाठ होते, पटावर शेकडो वेळा कोंडलं आणि कोंडून घेतलं होतं. तरी ऑगस्ट 2019 मध्ये मी आई-बाबांना घेऊन गावभागात थांबलो.

सांगलीत पावसाळ्यात लोक एकमेकांना भेटले की "जेवलास काय" च्या आधी "आयर्विनला किती?" विचारतात. आयर्विन पूल 1929 चा. त्याच्यावरच्या पट्टीवर कृष्णेचं पाणी फुटांत मोजतात. 40 फूट झाले की इशारा, 45 झाले की धोका. 2005 साली पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीला टेकून परत गेलं होतं. बाबांनी त्या पायरीशेजारी भिंतीवर रंगानं रेघ ओढून ठेवली होती. ती रेघ म्हणजे आमचा कोट होता. पाणी त्याच्या वर येत नाही.

रविवारी, 4 ऑगस्टला, सातारहून दादाचा फोन आला. "कोयनेवर पाऊस थांबंना झालाय. धरण भरत आलंय. मामा-मामींना घेऊन इकडं ये." कोयना त्याच्या जिल्ह्यात, पाणी त्याच्याकडून निघून आमच्याकडं येतं. पट बघायचा तर तो माझ्यापेक्षा वर उभा होता. मी म्हणालो, बघू. बायको आणि मुलगी आधीच मिरजेला माहेरी गेल्या होत्या. बाबांचे गुडघे चालत नव्हते, त्यांना जिना उतरवायचा म्हणजे अर्धा तास. गॅसची टाकी भरलेली, तांदूळ-डाळ भरपूर, वरच्या मजल्यावर टाकीत पाणी. आज काही बिघडलेलं नव्हतं.

सोमवारी नागपंचमी. आईनं दिंडं केली. संध्याकाळी शेजारच्या दोन घरांतली माणसं निघून गेली. मी गच्चीवरून बघितलं, टिळक चौकाकडं पाणी आलं होतं, पण बोळात नव्हतं. उद्या सकाळी ठरवू. मंगळवारी सकाळी बोळात गुडघाभर पाणी होतं आणि बाबांना गुडघाभर पाण्यातून नेणं मला धोक्याचं वाटलं. एक दिवसात उतरेल. संध्याकाळी लाईट गेली. बुधवारी पाणी रेघेला लागलं. मी जिन्यात बॅटरी घेऊन बसलो होतो. रेघ बुडताना मी पाहिली. घाईनं नाही, एखाद्या चांगल्या खेळाडूसारखं पाणी चढत होतं, एकेक घर धाकात घेत.

कोल्हापूरचा रस्ता बंद झाल्याचं कळलं. मग हायवे बंद झाल्याचं. हरिपूरकडं पाणी, कर्नाळ रस्त्यावर पाणी, मारुती चौकात पाणी. फोनची बॅटरी जपून वापरत होतो. बुधवारी रात्री दादाचा फोन लागला. त्यानं कसा आहेस असं विचारलंच नाही.

"किती घरं मोकळी आहेत सांग."

मी अंधारात गच्चीवर उभा राहून मोजलं. नदीकडं नाही. चौकाकडं नाही. मागच्या आळीत नाही. उरल्या बाजूला बोळ होता, तो वळणं घेत उंचावरच्या रस्त्याकडं जातो, पण त्यात छातीभर पाणी होतं आणि बोट शिरेल एवढा तो रुंद नाही. "एकही नाही," म्हणालो. माझा आवाज मला वेगळा वाटला. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाबांची औषधं किती दिवसांची आहेत?" रसद विचारत होता. मी खोटं सांगितलं नाही. दोन दिवसांची.

दुसरा दिवस तसाच गेला. पहिल्या टर्नला काही जाणवत नाही हे मी इतकी वर्षं वाचत आलो होतो. ते खरं आहे. आम्ही पत्ते खेळलो, आईनं आमटी-भात केला. दुसऱ्या टर्नला मात्र माणूस गप्प होतो. बाबा भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. पिण्याचं पाणी मी पेल्यानं मोजायला लागलो. गच्चीवरून हेलिकॉप्टर दिसायचं, दुरून बोटीच्या इंजिनाचा आवाज यायचा आणि लांब जायचा. पाणी तेव्हा 57 फुटांच्या वर गेलेलं होतं. त्या दोन दिवसांत मला कूतमधल्या शिपायांची आठवण आली असं मी लिहीन असं कुणाला वाटेल. नाही आली. मला फक्त बोळ दिसत होता.

शुक्रवारी सकाळी बोळातून हाक आली. बोळाच्या तोंडाशी पंक्चरचं दुकान आहे, त्या दुकानवाल्याचा आवाज. त्यानं ट्रॅक्टरच्या ट्यूबी फुगवल्या होत्या, त्याच्या दुकानात त्या होत्याच. एका खिडकीच्या गजाला, पुढच्या घराच्या गजाला असा दोर बांधत पोरं आत आली होती. आमच्या घरापासून वरच्या रस्त्यापर्यंत बोळाला चार वळणं आहेत. प्रत्येक वळणावर त्यांनी एकेक जण उभा केला होता, पाठ भिंतीला लावून, दोराला एका हाताचा विळखा घालून. चौघांतल्या दोघांना मी ओळखत होतो. एक शेजारच्या वाड्यातला कॉलेजचा पोरगा, एक सकाळी दूध टाकणारा.

बाबांना दोन ट्यूबींवर फळी बांधून बसवलं. ते घाबरले होते, मला दिसत होतं, पण त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर लावला आणि पोरांना म्हणाले, "सावकाश चला, मला घाई नाही." मी मागून आईला धरून निघालो. पाणी गार होतं, खाली काय लागतंय कळत नव्हतं. पहिल्या वळणाशी फळी वळेना, प्रवाह भिंतीकडं ओढत होता. तिथला पोरगा पुढं झुकला, त्यानं बाबांचं मनगट धरलं आणि फळी आपल्याकडं ओढून वळवली. दुसऱ्या वळणावर हात तयार होता. तिसऱ्या वळणावर दूधवाला, तो बाबांना म्हणाला, "काका, मी आहे, सोडा बिनधास्त." बाबांनी मागचा हात सोडला. चौथ्या वळणाशी पाणी कमरेला आलं. मग गुडघ्याला. मग नुसता ओला डांबरी रस्ता, त्यावर चपला, पोती, एक सायकल, आणि माणसंच माणसं.

कुणाच्या तरी टेम्पोतून आम्ही विश्रामबागेला पोचलो. एका शाळेच्या वर्गात आई-बाबांना गादी मिळाली. मी फोन चार्जिंगला लावला, तो सुरू व्हायची वाट बघत तिथंच जमिनीवर बसून राहिलो, आणि दादाला लावला.

"सुटलो," म्हणालो. "दादा, तुझा तो नियम बरोबर होता."

"कुठला?"

"फरशीवरचा. ज्याच्यावरनं मी चिंचोके उधळले होते."

तिकडून काहीच आवाज आला नाही. फोन कट झाला असं वाटून मी स्क्रीनकडं बघितलं. मग तो खाकरला.

"बाबा जेवले का?" त्यानं विचारलं.